शिसं नसलेली फेरोइलेक्ट्रिक पेलेट: बनवायची कशी, मोजायची कशी

फेरोइलेक्ट्रिक म्हणजे ज्याचं आतलं विद्युत ध्रुवीकरण बाहेरच्या फील्डने उलटवता येतं असा पदार्थ, आणि पेलेट म्हणजे त्याची दाबून भाजलेली चकती. पहिल्यांदाच करताय ना, मग बेरियम टायटनेट घ्या. केएनएनचं (पोटॅशियम सोडियम नायोबेट) नाव ऐकून लगेच तिकडे पळू नका, त्यातले पोटॅशियम-सोडियमचे कार्बोनेट हवेतलं पाणी ओढतात, वजनाचा हिशोब तिथेच चुकतो, आणि पुढे भट्टीत अल्कली उडते ते वेगळंच.

१० ग्रॅम बेरियम टायटनेटसाठी ८.४६ ग्रॅम बेरियम कार्बोनेट आणि ३.४३ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड लागतं. दोन्ही आधी ओव्हनमध्ये वाळवा. बेरियम कार्बोनेट विषारी असतं, मास्क-ग्लोव्हज घालाच (शिसं नाही म्हणजे सगळं निर्धोक असं नाही). इथेनॉल आणि झिर्कोनियाचे बॉल घालून १२ ते २४ तास मिल करायचं, वाळवायचं आणि ११०० डिग्रीला ४ तास कॅल्साइन करायचं (म्हणजे पावडर भाजून दोन्हींची रिअॅक्शन घडवायची). क्रुसिबलचं वजन आधी आणि नंतर घ्या, फुकटची टेस्ट आहे ही: एवढ्या मालातून १.८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जायला हवा, कमी गेला तर कार्बोनेट अजून शिल्लक आहे.

मग थोडा पीव्हीए बाइंडर (पावडर धरून ठेवणारं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) घालून १० मिमीच्या डायमध्ये (साच्यात) दाबा, ६०० डिग्रीपर्यंत अगदी हळू तापवून बाइंडर जाळा, घाई केली की तडे जातात, आणि १३०० ते १३५० डिग्रीला सिंटर करा (भाजून कण एकमेकांना घट्ट जोडा). आर्किमिडीज पद्धतीने घनता काढा. थिअरीतला आकडा ६.०२ ग्रॅम प्रति घनसेंमी आहे, ५.७च्या खाली आलात तर पुढचं काही मोजू नका, कारण भोकांमध्ये हवा असते आणि तुम्ही त्या हवेचीच परमिटिव्हिटी (विद्युत फील्डमध्ये पदार्थ किती चार्ज साठवू देतो त्याचं माप) मोजत बसता.

एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन, यातून स्फटिकाची रचना कळते) सगळ्यात आधी ४५ डिग्रीच्या आसपास बघायचं (हा तापमानाचा नाही, २-थीटा कोन आहे, तांब्याच्या क्ष-किरणांसाठी). रचना टेट्रागोनल (एका दिशेने किंचित ताणलेला घन, हीच फेरोइलेक्ट्रिक रचना) असेल तर तिथे एक शिखर फुटून दोन होतात, डावीकडचं लहान, उजवीकडचं मोठं. सी (ताणलेली बाजू) आणि ए (दुसरी बाजू) यांचं गुणोत्तर १.०१ च्या आसपास येतं. नुसत्या कॅल्साइन पावडरीत कण बारीक असले की शिखर फुटलेलं दिसतच नाही, त्यामुळे घाबरू नका, सिंटर केलेली पेलेट कुटून परत स्कॅन करा.

आता इलेक्ट्रिकल. दोन्ही बाजू घासून सिल्व्हर पेस्ट लावा, कडेला लागलेली पेस्ट मात्र खरवडून काढा, नाहीतर शॉर्ट. १ मिमी जाडीच्या, १० मिमी व्यासाच्या पेलेटवर एलसीआर मीटरने (कपॅसिटन्स मोजणारं यंत्र) १ किलोहर्ट्झला १ नॅनोफॅरड आला तर परमिटिव्हिटी साधारण १४४० होते. तापवत गेलात की १२० ते १३० डिग्रीला उंच शिखर येतं, तो क्युरी पॉइंट, त्याच्या वर फेरोइलेक्ट्रिकपणा जातो. क्युरी-वाइसची सरळ रेघ (१ भागिले परमिटिव्हिटी विरुद्ध तापमान) फक्त त्याच्या वर बसवायची, खालच्या डेटावर बसवलेली बरेचदा दिसते, ते चूक.

पी-ई लूप (फील्ड कमी-जास्त करत ध्रुवीकरण मोजून मिळणारा आलेख) सिलिकॉन तेलातच घ्या, हाय व्होल्टेज आहे, एकट्याने करू नका. लूप फुगीर आणि टोकांना गोल आला तर खूश होऊ नका, तो गळका करंट आहे. खऱ्या लूपची टोकं अणकुचीदार असतात आणि फील्ड वाढवत नेलं की वर सपाट व्हायला लागतात. शेवटी गरम तेलातच मिलिमीटरला २ ते ३ किलोव्होल्ट लावून अर्धा तास पोलिंग (ध्रुवीकरण एका दिशेला वळवणं), फील्ड चालू ठेवूनच थंड करा, आणि डी-३३ (दाबल्यावर किती चार्ज येतो त्याचा पिझोइलेक्ट्रिक आकडा) दुसऱ्या दिवशी मोजा, लगेच मोजलेला आकडा वरचा येतो आणि मग उतरतो. चांगल्या पेलेटला १९० पिकोकूलंब प्रति न्यूटनच्या आसपास मिळतं, ६०-७० वर अडकलात तर परत घनतेकडे जा.