कार्ट्रिजचा जुना रोल धुवायला देण्याआधी

चवथीच्या साफसफाईत पेटाऱ्याच्या तळाशी आखातातून किंवा बोटीवरून आलेला छोटा कॅमेरा सापडतो, आणि आत न धुतलेला रोल असतो. झाकण लगेच उघडू नका. आधी पाठीवरच्या खिडकीत पाहा. आकडा दिसत असेल तर रोल अर्धवट आहे. लेन्सवर तळहात ठेवून बटण दाबत, फिल्म पुढे सरकवत राहा, आकडे संपून नुसता कागद दिसेपर्यंत. कार्ट्रिज म्हणजे फिल्म आत बसवलेली प्लास्टिकची बंद डबी. तिच्यात रोल मागे गुंडाळायचा नसतो, फिल्म एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते. झाकण आधीच कोणी उघडलं असेल तरी रोल फेकू नका. खिडकीसमोरचे एक-दोन फोटो जातात, कप्प्यांत गुंडाळलेले बहुतेक वाचतात. यंत्र अडकलं असेल तर जोर लावू नका, अंधारात कार्ट्रिज काढून अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा.

मग लेबल वाचा. १२६ या आकाराची कार्ट्रिज १९६३ पासूनची, फोटो चौकोनी, साधारण २८ मिमीचा. ११० ची १९७२ पासूनची, फिल्म फक्त १६ मिमी रुंद, फोटो १३ बाय १७ मिमी. मात्र आकारापेक्षा प्रक्रिया, म्हणजे फिल्म कोणत्या रसायनांत धुवायची ते, महत्त्वाची. लेबलवर ‘सी-४१’ (आजची रंगीत निगेटिव्हची प्रक्रिया) किंवा ‘कोडाकलर २’ असेल तर आजचं रसायन चालतं. ‘सी-२२’ (तिच्या आधीची जुनी प्रक्रिया) किंवा ‘कोडाकलर-एक्स’ असेल तर ती फिल्म सी-४१ मध्ये मुळीच देऊ नका. सी-२२ चं काम सुमारे २४ अंशांवर चाले, सी-४१ चं ३७.८ अंशांवर चालतं. त्या उष्णतेत फिल्मवरचा चित्राचा जुना थर मऊ पडून सुटतो आणि लॅबचं रसायनही खराब होतं. अशी फिल्म आता ब्लॅक अँड व्हाइट म्हणूनच धुवायची. कोडाक्रोम या स्लाइड फिल्मचंही तेच, तिची रंगीत प्रक्रिया करणारी शेवटची लॅब अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये होती आणि तिने ३० डिसेंबर २०१० पर्यंतचेच रोल घेतले. इतर स्लाइड फिल्मची ‘ई-६’ प्रक्रिया आजही होते, ‘ई-४’ नाही. लेबल पुसलं असेल तर प्रसंग आठवा. सेंट झेवियरच्या १९६४-६५ च्या शवप्रदर्शनाचा रंगीत निगेटिव्ह रोल सी-२२ धरायचा, १९७४-७५ चा दोन्हींपैकी कोणताही असू शकतो, १९८४-८५ चा सी-४१. शंका असेल तिथे ब्लॅक अँड व्हाइटच. रंग जातील, पण माणसांचे चेहरे राहतील.

लॅबला फोन करून नेमकं विचारा: सी-४१ करता, पण १६ मिमीचं रील (धुताना फिल्म गुंडाळायची चकती) आहे का? कार्ट्रिज फोडता येते का? १२६ ची फिल्म ३५ मिमी रुंद असल्याने नेहमीच्या रीलवर बसते, ११० बसत नाही. निगेटिव्ह न कापता परत मागा. दोन-तीन कार्ट्रिज असतील तर सगळ्यांत कमी महत्त्वाची आधी द्या, तिचा निकाल पाहून बाकीच्यांचं ठरवा.

तोवर झिपच्या पिशवीत, सिलिका जेलसह फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी तीन-चार तास उघडू नका, गोव्याच्या दमट हवेत थंड फिल्मवर लगेच पाणी धरतं. मुंबईला पाठवायची तर मडगाव किंवा थिवीहून रेल्वेने कोणाच्या हाती देणं उत्तम. दाबोळी वा मोपावरून विमानाने जाणार असाल तर सामानात टाकू नका, हातात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा.

घरी ब्लॅक अँड व्हाइट धुवायची तर अडचण पाण्याची. मे महिन्यात नळाचं पाणी तीस अंशांच्या आसपास असतं, आपल्याला वीस हवं. पसरट टबात बर्फाच्या पिशव्या ठेवून डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), फिक्सर (ते पक्कं करणारं) आणि धुण्याचं पाणी, तिन्ही वीसवर आणा. एक जरी गरम राहिलं तर थराला सुरकुत्या पडतात. बुरशी लागलेला थर पाण्यात विरघळूही शकतो, म्हणून आधी भिजवत ठेवू नका आणि थर कडक करणारा फिक्सर घ्या. एचसी-११० या डेव्हलपरचं १:३१ मिश्रण जुन्या फिल्मवर धुकं (सगळीकडे पसरणारा करडेपणा) कमी आणतं: ५०० मिलीला १६ मिली अर्क, बाकी पाणी. सहा-सात मिनिटांपासून सुरुवात करा. पूर्ण अंधारात कार्ट्रिजचे दोन्ही कप्पे मागे वाकवले की मधला पूल तुटतो. भरलेल्या कप्प्यातून गुंडाळी काढा आणि कागद फिल्मपासून हळू सोडवा. ओलीने चिकटला असेल तर ओढू नका, थर कागदाबरोबर निघून येईल. कोडाक्रोमच्या पाठीवरचा काळा लेप धुतल्यानंतर, फिल्म ओली असतानाच, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजने पुसा.

वाळलेली निगेटिव्ह फिकट आणि धुरकट दिसली तरी टाकू नका, डोळ्यांना न दिसणारं स्कॅनरला दिसतं. १२६ च्या चौकोनी फ्रेमसाठी ३५ मिमीचा तयार साचा नको, तो वरखालची कड कापतो. काळ्या कार्डबोर्डला २८ मिमीचं भोक पाडून फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर ठेवा आणि स्कॅन १६ बिट ग्रेमध्ये घ्या.