माळ्यावरचं मोडी बाड: उघडायचं कसं, वाचायचं कसं

बडोद्याच्या दांडियाबाजार, रावपुऱ्यातलं जुनं घर पाडायला काढलं की माळ्यावरून पत्र्याची ट्रंक उतरते आणि आत मोडी कागद निघतात. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत जातात. कृपा करून घालू नका. बडोदा संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं, त्याची दप्तरं सरकारनं सांभाळली. पण तुमच्या पणजोबांनी मुलीच्या लग्नाला कर्ज कुणाकडून काढलं, हे त्या ट्रंकेखेरीज कुठेच नाही.

भर पावसाळ्यात बाड, म्हणजे कागदांचा बांधलेला गठ्ठा, उघडू नका. कडक झालेली घडी ओढून उलगडायची नाही, गंजकी टाचणी हलक्या हातानं काढायची. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, कागद कायमचा जातो. खिडकीपाशी, फ्लॅश बंद करून, पाठपोट फोटो घ्या. मग धुतलेल्या सुती कापडात बांधा. कसर लागू नये म्हणून शेजारी वेखंडाची पुरचुंडी.

आता वाचन. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लिहीत. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणून पहिल्या अक्षराशी झटत बसू नका. पत्राचा मायना शोधा: ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत जाणे’. हे वाक्य ठरलेलं असतं. त्यातला क, ल, ज, न त्या लेखकाच्या हातचा कसा आहे ते वहीत उतरवून घ्या आणि तीच अक्षरं पुढच्या मजकुरात हुडका. मला सगळ्यात जास्त आनंद इथे होतो, कारण एका माणसाचं वळण ओळखीचं होतं.

जुन्या कागदांवर वर्ष अरबी शब्दांत असतं. ‘सीत सितैन मया व अलफ’ म्हणजे ६, ६०, १०० आणि १०००: शुहूर सन (मराठी कागदांतली जुनी कालगणना) ११६६. हे वर्ष मृगाला, जूनमध्ये सुरू होतं. इसवी सन काढायला जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारी ते मेच्या कागदाला ६००; इथे १७६५-६६ येतं. रकमेपुढे ‘बाबाशाही’ दिसलं तर तो बडोद्याचा रुपया, ‘कलदार’ इंग्रजांचा. हिशेब लावताना दोन्ही एकत्र धरू नका.

भावंडांत मूळ कागद वाटून घेऊ नका. फोटो सगळ्यांना द्या, बाड एकाच घरी ठेवा आणि कुणाच्या घरी आहे ते प्रत्येकानं लिहून ठेवा.