भोरपलीकडचे शांत रस्ते : सायकलवाल्यांनो, या चुका टाळा

कापूरहोळला पुणे-सातारा हायवे सोडला की पाच-दहा मिनिटांत कानातला ट्रकचा आवाज विरतो आणि भोरच्या पुढे तर स्वतःच्याच चेनची कुरकुर ऐकू यायला लागते. भोरातून माझे आवडते दोन रस्ते निघतात. एक आंबवडे, आंबाडखिंड, मांढरदेवी करत वाईला उतरतो. दुसरा निरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने हिर्डोशीवरून वाघजाईपर्यंत जातो आणि वरंधा घाटाने खाली महाडकडे. दोन्ही रस्त्यांवर झाडी आहे, गर्दी नाही, आणि आजूबाजूला रोहिडा, रायरेश्वर, कावळ्या असे किल्ले-डोंगर उभे. हिवाळ्यात दर दोन-तीन रविवारांनी मी कोणा ना कोणा नवख्याला घेऊन इकडे येतो. आणि दर वेळी त्याच त्या चुका पाहतो. आता सांगून सांगून घसा बसला, म्हणून लिहितोय.

मुळात घोळ ‘शांत’ या शब्दाचा आहे. नवख्याला वाटतं शांत म्हणजे निवांत. शांत म्हणजे तुमचं काही बिघडलं तर अर्धा-पाऊण तास कोणी येणार नाही, मोबाईलला रेंज असेलच असं नाही, आणि जो येईल त्याच्या टेम्पोत आधीच दुधाचे कॅन असतील.

ट्यूब बदलली, टायर पाहिलाच नाही

ही माझी सगळ्यात नावडती चूक. एका डिसेंबरात आम्ही चौघं वरंध्याकडे निघालो होतो. त्यातला एक आयटीतला पोरगा, सायकल नवी कोरी. धरणाचं पाणी बाजूला चकाकत होतं आणि मागचं चाक फुस्स. पोरगा व्हिडिओ बघून तयार होऊन आला होता. सात मिनिटांत ट्यूब बदलली, वर फोटोही काढला. मी म्हटलं, "टायर आतून हात फिरवून बघ." तो म्हणाला, "बघितला काका, काही नाही." दीड किलोमीटरवर परत फुस्स. दुसरी ट्यूब. पुन्हा तेच. आता जवळ ट्यूब उरली नाही आणि त्याच्या पंक्चर चिकटवायच्या सोल्युशनच्या ट्यूबमध्ये नुसता वाळलेला गोळा.

काटा बाभळीचा होता. बाहेरून पार तुटून टायरच्या रबरात बसलेला, आत टोक जेमतेम मिलिमीटरभर. बोटाला लागत नव्हता, कारण टायर हातात धरला की टोक आत दबतं. माणसाचं वजन आलं की ते बरोबर बाहेर. शेवटी मी जुना सुती रुमाल टायरच्या आतून गोल फिरवला. एका जागी धागा अडकला. तिथे टायर उलटा वाकवला तेव्हा तपकिरी ठिपका दिसला, तो सेफ्टी पिनेने मागून ढकलून काढला.

माझी सवय अशी आहे. टायर चढवताना त्याच्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणायचं. पंक्चर झालं की ट्यूबमध्ये हवा भरून गालाजवळ फिरवायची, भोक सापडलं की ट्यूब टायरवर ठेवून बघायची. काटा त्या जागेपासून दोन बोटांच्या आत असतो, किंवा ट्यूब उलटी धरली असेल तर व्हॉल्व्हच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर. दोन भोकं शेजारी शेजारी, साप चावल्यासारखी असतील तर काटा शोधू नका, हवा कमी होती आणि चाक खड्ड्यात आपटलं. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे. एवढं वाचायला जितका वेळ लागला तेवढाच वेळ टायर तपासायला लागतो. पण सात मिनिटांचा विक्रम करायचा असतो ना!

पुढची गंमत अशी, की गावातला मोटारसायकलचा पंक्चरवाला शोधला तर तो व्हॉल्व्हकडे बघून म्हणाला, "दादा, ही नळी कसली? ह्यात माझी हवा जायची नाही." बरोबर होतं त्याचं. रोड सायकलचा बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह त्याच्या कॉम्प्रेसरला बसत नाही. नखाएवढा पितळी अडॅप्टर मिळतो, पन्नासेक रुपयांत. माझा सीटखालच्या पिशवीत नव्हता, घरी दुसऱ्या सायकलच्या पिशवीत होता, हे कबूल करतो. त्या दिवसापासून तो व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवतो. पोरगा दुधाच्या टेम्पोतून भोरला गेला, कॅनच्या मध्ये सायकल आडवी धरून.

उतारावर ब्रेक दाबून बसणं

चढ चढताना जीव जातो, म्हणून उतार म्हणजे बक्षीस वाटतं. मांढरदेवीहून वाईकडे उतरताना नवखे दोन प्रकारचे असतात. काही सुसाट सुटतात, त्यांना काय सांगणार. बाकीचे पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत ब्रेक हलका दाबून ठेवतात आणि यालाच सावधपणा समजतात. रिम ब्रेकच्या, म्हणजे ब्रेक थेट चाकाच्या रिमला घासतो अशा सायकलवर यासारखा घात नाही.

हिशोब करा. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, उतार ६०० मीटर उंचीचा. एवढी उंची उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यात दीड लिटर पाणी उकळेल. त्यातली बरीच वारा खातो, पण तुम्ही हळू उतरता तेव्हा वाऱ्याचा वाटा कमी होतो आणि उरलेली सगळी रिमवर येते. रिमच्या आत ट्यूब. आमच्यातल्या एका भारदस्त गृहस्थांची पुढची ट्यूब असल्याच एका घाटात बंदूक सुटावी तशी फुटली. नशीब, वळण संपलं होतं आणि ते बाजूच्या गवतात बसले, पडले नाहीत. काय झालं बघायला त्यांनी रिमला बोट लावलं, आणि मग आठवडाभर कीबोर्डवर नऊ बोटं.

वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक चांगले दाबा आणि वळणात शिरताना सोडा. दाबा, सोडा, दाबा, सोडा. सोडलेल्या वेळात रिमला वारा लागतो. हात हँडलच्या खालच्या वाकात, कारण वरून धरलं की बोटं लवकर थकतात. मी मध्ये एकदा थांबतो, दरीकडे बघतो, रिम गार होऊ देतो. लोकांना वाटतं काका दमले. वाटू दे. डिस्क ब्रेकवाल्यांनी हसू नये, त्यांचे पॅड तापून चकचकीत होतात आणि मग ब्रेक नुसता ओरडतो, धरत नाही. आणि कार्बनच्या रिम घेऊन कोणी हा घाट शिकायला येत असेल तर माझ्याबरोबर येऊ नका.

मोबाईलने दाखवलेला शॉर्टकट

सह्याद्रीत ‘घाट’ म्हणजे डांबरी रस्ता असतोच असं नाही. केळदजवळचा मढे घाट घ्या. सिंहगडावर पडलेल्या तानाजींचा देह १६७० साली याच वाटेने कोकणात उमरठ्याला नेला, असं सांगतात. ती उतरायची पायवाट आहे. नकाशावर खालचं गाव बोटभर अंतरावर दिसतं म्हणून लोक रोड सायकल घेऊन तिथे पोचतात आणि मग सायकल खांद्यावर. माझा नियम साधा आहे, अनोळखी फाटा आला की टपरीवर चहा घ्यायचा आणि विचारायचं, "इथून एसटी जाते का?" एसटी जात असेल तर मी जातो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पुढच्या चक्राला ३९ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला २५ दात घेऊन आंबाडखिंड चढू नका. मागे ३२ दातांपर्यंतचा कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) लावा, त्यात लाज नाही, गुडघे तुमचेच आहेत.

टायरच्या कडेवर छापलेला हवेचा आकडा ही कमाल मर्यादा असते. २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये सत्तर किलोच्या माणसाला ७०-७५ पीएसआय पुरे. ११० भरून या रस्त्यांवर दात वाजवायचे असतील तर तुमची मर्जी.

पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीला काळूबाईची यात्रा असते. त्या दिवसांत तिकडे शांत रस्ता शोधायला जाणारे मी पाहिले आहेत.

पावसाळ्यात वरंधा घाट दरडींमुळे बरेचदा बंद ठेवतात. बंद म्हणजे सायकललाही बंद. "आम्ही बाजूने काढू" हे दरडीला सांगून बघा.

उसाचा हंगाम सुरू झाला की वाईच्या बाजूला संध्याकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. तुमचा तरी असू द्या, दिवसाही लावलेला.

निघायचं पहाटे साडेपाचला, आठला नाश्ता करून नव्हे.

आणि इतिहासाची हाव. भोरचा राजवाडा, आंबवड्याचं नागेश्वराचं देऊळ आणि झुलता पूल, वाईचा ढोल्या गणपती, मेणवली, धोम, सगळं एका दिवसात आणि वर शंभर किलोमीटर, हे होत नाही. झालं तर फक्त फोटोपुरतं होतं. मी एकच जागा निवडतो, बहुतेक वेळा मेणवली, वाईपासून तीन-चार किलोमीटरवर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली ती भलीमोठी पोर्तुगीज घंटा, १७३९ला चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यानंतर इकडे आलेली. तिच्याकडे मान वर करून चालताना एक जण पेडलला अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांनिशी ओल्या पायरीवर घसरला आणि थेट नदीच्या पाण्याशी जाऊन थांबला. तिथे बूट काढून हातात घ्या. मोजे ओले झाले तर वाईच्या स्टँडवर चहा येईपर्यंत हँडलला वाळत घाला.