बोरीचं घर आणि आसगावचा दर

माझ्या मामाचं घर गोव्यात, फोंड्याजवळच्या बोरीला. मामा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मामीने ते विकायचं ठरवलं, तेव्हा पुण्याच्या मामेभावाने फोनवरच किंमत सांगून टाकली, दोन कोटी. आकडा कुठून आणलास, विचारलं. म्हणाला, उत्तर गोव्यात किनाऱ्याकडच्या आसगावला मित्राच्या काकांचं घर तेवढ्याला गेलं, आणि आपलं तर त्याहून मोठं आहे.

मी फोंड्यात बावीस वर्षं बँकांच्या कर्जप्रकरणांसाठी घरांचं मूल्यांकन करते. "अमक्याचं तेवढ्याला गेलं" हे मी इतक्या घरांतून ऐकलंय, आणि त्यापायी चांगली घरं वर्षानुवर्षं कुलूपबंद राहून कौलं खाली आलेली पाहिलीत, की किंमत कशी ठरते ते एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. मामीचंच घर उदाहरणाला घेते. त्यातले दर त्या घराचे, त्या वेळचे. तुमच्या गावाला ते लावू नका, पद्धत मात्र लावा.

सुरुवात घेणाऱ्यापासून करा. आसगावला घर घेणारा बहुधा दिल्ली-मुंबईचा असतो. त्याला सुट्टीचं घर हवं असतं, किंवा भाड्याने द्यायचा बंगला. बोरीला येणारा गिऱ्हाईक कुंडईच्या कारखान्यात नोकरीला असतो, फर्मागुडीला शिकवत असतो, किंवा फोंड्याच्या बाजारात त्याचं दुकान असतं. तो पगारातून हप्ता भरणार. बँक त्याला जेवढं कर्ज देईल त्यात साठवलेले पैसे घातले की त्याची मर्यादा संपली. राजांगण (घराच्या मधला चौक), लाकडी खांब, सोपो (दारापुढची बसायची जागा) हे पाहून बाहेरचा माणूस हरखतो. गावातला मनात हिशेब करतो की एवढी कौलं दर वर्षी कोण परतणार. एकाच घराला दोन बाजारांत दोन किमती असतात, आणि तुमच्या दारात खरोखर येणारा माणूस ज्या बाजारातला, तीच तुमची किंमत.

त्यानंतर कागद. घराच्या भिंती बघण्याआधी मी नेहमी एक-चौदाचा उतारा मागते, म्हणजे महाराष्ट्रातल्या सात-बारासारखी जमिनीची हक्कनोंद. शहरात असाल तर फॉर्म डी आणि चलता नंबर, म्हणजे शहर मोजणीतला उतारा आणि जागेचा क्रमांक. त्यावर नावं किती आहेत, कुळाच्या रकान्यात कोणी आहे का, इतर हक्कांत काय लिहिलंय, हे तीन रकाने जितके मोकळे तितकी किंमत वर. मामीच्या उताऱ्यावर मामाबरोबर त्याच्या धाकट्या भावाचंही नाव होतं. तो भाऊ कधीच वारला होता आणि त्याचं कुटुंब वास्कोला.

आता गोव्याचा कायदा लक्षात घ्या, कारण इथे महाराष्ट्रातले नातेवाईक हमखास चुकतात. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली, आणि तिची कुटुंबविषयक तत्त्वं आजही चालतात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. मुलगा-मुलगी वारस म्हणून सारखे. म्हणजे विक्रीखतावर प्रत्येक वारसाची सही लागते आणि त्याच्या जोडीदाराचीही. आम्ही मामीच्या ओट्यावर बसून मोजलं. मामी एक. दोन मुलगे, एक मुलगी आणि त्या तिघांचे जोडीदार, असे सात. धाकट्या मामाची बायको, मुलगा, सून, असे दहा. दहा सह्या! ज्याला दोन कोटी सुचले होते त्याला आपल्या बायकोची सही लागते हेसुद्धा माहीत नव्हतं.

वारस ठरवून वाटणी करायची कोर्टातली वाट म्हणजे इन्व्हेंटरी प्रोसिडिंग. ती पूर्ण नसेल तर घेणारा एकतर निघून जातो किंवा जोखमीचे पैसे कापून बोलतो. मामीला पहिली मागणी आली ती साठ लाखांची, आणि त्या माणसाने कारणही स्पष्ट सांगितलं, कागद पूर्ण नाहीत. इन्व्हेंटरीत एक विशेष गोष्ट असते. वारस आपसात बोली लावू शकतात, घर जो घेईल तो इतरांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे देतो. ही बोली कधीकधी बाजारभावाच्या पुष्कळ वर जाते, कारण तिथे बालपण बोलत असतं. तो आकडा शेजाऱ्याने आपल्या घराला लावू नये.

जमिनीत मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं, घर असेल तर आणखी एक गणित आहे. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने त्याचं राहतं घर आणि भोवतालची ठराविक जागा विकत घेण्याचा हक्क आहे. तेवढी जागा आपल्या मोजणीतून वजा करा, आणि त्याच्याशी मिटवायचं असेल तर आधी मिटवा. त्याला "काढून देतो" असं गिऱ्हाइकाला सांगणारे लोक मला भेटतात. ते अन्यायाचं आहे आणि होतही नाही.

मग जमीन. गोव्यात ती चौरस मीटरमध्ये बोलली जाते, म्हणून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी बोलताना गुंठे आणि चौरस फूट बाजूला ठेवा, फार घोटाळे होतात. मामीच्या उताऱ्यावर ९१२ चौरस मीटर होते, कुंपणाच्या आत मोजले तर ८६८ भरले. मागच्या बाजूला शेजाऱ्याने गडगा (दगडांचं कुंपण) बांधताना हद्द सरकली होती. भांडण नको म्हणून मामीने ८६८ च धरायला सांगितलं. बरं केलं. घेणारा मोजणी करून घेतोच, आणि फरक विकणाऱ्याने आधी सांगितला तर त्याचा बाकीच्या कागदांवरही विश्वास बसतो.

याहून मोठा प्रश्न झोनचा. नगरनियोजन खात्यातून झोनिंगचा दाखला काढा. 'प्रादेशिक आराखडा २०२१' या राज्याच्या आराखड्यात, किंवा तुमचा भाग बाह्यविकास आराखड्यात असेल तर त्यात, जमीन वसाहत विभागात (जिथे घर बांधता येतं) दाखवली आहे की बागायतीत? एकाच सर्व्हे नंबरात दोन्ही असू शकतं. मामीच्या जागेतले ६०० चौरस मीटर वसाहतीत होते, मागचं २६८ चं पोरसू (परस) बागायतीत. डोळ्यांना दोन्हीकडे सारखेच माड दिसतात, पण दरात पाचपट फरक. झोन पुढे बदलून मिळेल असं कोणी सांगितलं तर त्या आशेचे पैसे मागू नका, आणि देऊही नका.

बोरी झुआरीच्या काठी. मामीच्या घरापासून नदी लांब आहे, पण खालच्या वाड्यावरच्या एका घराच्या मागच्या दारातून पाणी दिसतं. मालकाला वाटायचं की या दृश्याचेच दहा लाख वर मिळतील. भरती-ओहोटीच्या नदीलाही सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम लागतात, काठापासून १०० मीटर किंवा नदीच्या रुंदीइतकं अंतर, यात जे कमी असेल त्या पट्ट्यात. तिथे नवं बांधणं, वाढवणं अवघड. दृश्यामुळे गिऱ्हाईक येतं खरं, पण नियम वाचून परत जातं.

रस्ता हा माझ्या मते सगळ्यात कमी लेखला जाणारा भाग. मी टेप घेऊन जाते आणि सगळ्यात अरुंद जागी मोजते. मामीकडे जायची वाट एका वळणावर २.८ मीटर आहे. तिथून गाडी जाते, पण बांधकामाच्या जांभ्या चिऱ्यांचा ट्रक अडतो. शिवाय वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर ती कागदावर आहे का? नुसत्या वहिवाटीवर बँकेचा वकील बोट ठेवतो. जुन्या घरात राहायला अरुंद वाट चालते, पण पाडून नवं बांधायचं म्हटलं की परवानगीत रस्त्याची रुंदी आडवी येते. आणि घेणारा पुढचं बांधकाम मनात धरूनच आलेला असतो.

घर स्वतः या यादीत इतकं खाली येतं, याचं मामीला वाईट वाटलं. मलाही वाटतं. पण ऐंशी वर्षांच्या चिऱ्याच्या घरात पैसा छपरात असतो. वासे, रीप, पाटे सुईने टोचून बघा, वाळवी आत असते. भिंतीत ओल असेल तर जुन्या चुन्या-मातीच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केलाय का ते पाहा. त्याने ओल आत कोंडते. नवा रंग देऊन विकायला निघू नका, ते पैसे वसूल होत नाहीत. गळणारी कौलं बदला, ते होतात. आणि घर एकदा तरी जुलैत दाखवा. पावसात कोरडं राहिलेलं घर पाहिलेला माणूस दिवाळीनंतर भाव फारसा पाडत नाही. घरपट्टीची पावती, वीज-पाण्याची बिलं आपल्या नावावर आणून ठेवा, मात्र घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं समजू नका.

(फ्लॅटवाल्यांसाठी थोडक्यात. सुपर बिल्ट-अपचा आकडा विसरा, कार्पेटवर दर काढा. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, पार्किंग, लिफ्ट आणि वरच्या मजल्याची गळती, एवढ्यावर बहुतेक फरक पडतो.)

आता आकडा. सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात आपल्याच गावच्या गेल्या वर्षा-दीड वर्षातल्या विक्रीखतांचा शोध घ्या आणि नकला काढा. जाहिरातीत असते ती मागणी. आम्हाला तीन खतं मिळाली. एक ५०० चौरस मीटरचा सनद (बिगरशेती परवाना) असलेला प्लॉट, सहा मीटर रुंद रस्त्यावर, दर चौरस मीटरला १२,०००. दुसरं ११०० मीटर जमिनीतलं जुनं घर, अरुंद वाटेवर, घरासकट मीटरमागे ८,५००. तिसरं ५,००० चं, पण घेणारा-देणारा सख्खे चुलत, म्हणून ते सोडलं.

पहिल्यावरून हिशेब असा केला. १२,००० मधून वाटेसाठी पंधरा टक्के कमी, म्हणजे १०,२००. वसाहतीतले ६०० मीटर झाले ६१ लाख २० हजार. बागायतीतले २६८ मीटर २,००० ने, ५ लाख ३६ हजार. घर १९० मीटरचं, आज नवं बांधायला मीटरला १८,००० धरले, वयामुळे त्यातले तीस टक्केच उरले, १० लाख २६ हजार. बेरीज ७६ लाख ८२ हजार. मग दुसऱ्या खताने ताडून पाहिलं. ८६८ ला ८,५००, म्हणजे ७३ लाख ७८ हजार. दोन वेगळ्या वाटांनी काढलेले आकडे इतके जवळ आले की मला झोप लागते. लांब पडले तर कुठेतरी एखादी गोष्ट नजरेतून सुटलेली असते, आणि बहुतेक वेळा ती रस्ता किंवा झोन असते.

मामेभावाने इथे नव्या पुलांचा मुद्दा काढला. बोरीलाही नवा पूल व्हायचाय, भाव वाढणार, थांबू या. वाढतो भाव, हे खरं. ५ जानेवारी २०२३ ला मोपाहून विमानं सुरू झाली तेव्हा पेडण्यात आसपासच्या मालकांनी मागण्या कितीतरी वर नेल्या होत्या. पण वापरात आलेल्या रस्त्याचे पैसे घेणारा देतो, आराखड्यावरच्या रेषेचे देत नाही. शिवाय रेषा कोणाच्या जमिनीवरून जाईल याचीही धास्ती असते. थांबायचं तर थांबा, तोवर छप्पर मात्र दर पावसाळ्यात सांभाळावं लागेल, त्याचा खर्चही मांडा.

हातात काय राहील तेही मागणी सांगण्याआधीच काढा. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि त्याआधी घेतलेल्या घराला इथल्या रहिवासी व्यक्तीला महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा पर्यायही मिळतो. वडिलोपार्जित घराला १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते, तिचा अहवाल मूल्यांकनकाराकडून घ्या. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणारा एक टक्का कापूनच देतो, आणि परदेशस्थ भाऊ-बहिणीच्या हिश्श्यातून बरंच जास्त कापलं जातं. हे आधी सांगितलं नाही तर विक्रीच्या दिवशी घरात भांडणं होतात.

आम्ही मागणी ऐंशी लाख ठेवली. इन्व्हेंटरीला चौदा महिने गेले. त्या काळात साठवाला परत आला, अडुसष्टपर्यंत चढला, आणि मामीने त्याला चहा देऊन नाही म्हटलं. शेवटी फर्मागुडीच्या एका जोडप्याने साडेचौऱ्याहत्तरला घेतलं. त्यांनी आधी जुलैत घर पाहिलं होतं, आणि स्वतःच्या गवंड्याला घेऊन दोनदा येऊन गेले होते. फेब्रुवारीत विक्रीखत झालं. नऊ जण स्वतः सहीला आले. दहावी सही, पुण्याच्या सुनेची, कुलमुखत्यारपत्राने झाली.