अंगावर येणाऱ्याला ओळखताना या चुका टाळा

सोलापुरात मुलींना स्वसंरक्षण शिकवताना पहिल्याच दिवशी मी विचारतो, समोरचा अंगावर येतोय, तू कुठं बघशील? उत्तर ठरलेलं असतं. "डोळ्यांत बघायचं की सर!" पहिली चूक इथंच होते. डोळ्यांनी कुणी मारत नाही, हातांनी मारतं. हात खिशात, पाठीमागे किंवा शालीखाली असतील, तर माणूस कितीही गोड बोलो, दोन पावलं मागं व्हा. नजर त्याच्या छातीवर ठेवली की खांदे, दोन्ही हात आणि कंबर एकदम दिसतात.

मी स्वतः या चुकीची किंमत मोजली आहे. जुन्या पुणे नाक्याजवळ रात्री एकानं पत्ता विचारला. मी त्याच्या तोंडाकडे बघत रस्ता सांगत राहिलो. मागून त्याचा जोडीदार आला. मोबाईल गेला, गुडघा फुटला. खूण समोरच होती. मी हात करून रस्ता दाखवत होतो आणि तो माझ्या खांद्यावरून मागं बघत होता, एकदा नव्हे, दोनदा. खरोखर पत्ता हवा असलेला माणूस तुमचं बोट जिकडं जातं तिकडं बघतो. म्हणून एकाला बघितलं की दुसरा शोधायचाच. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या गर्दीत तर नक्कीच.

"अजून लांब आहे" हा दुसरा घातक समज. अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली दाखवून दिलं की २१ फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर पोहोचतो. एकामागं एक अडीच रिक्षा उभ्या केल्या की होतं तेवढं हे अंतर. आम्ही वर्गात खडूनं रेघ मारून एकीला पळत यायला लावतो. समोरचीचा हात पर्समधून बाहेरही आलेला नसतो.

कपडे, अंगकाठी, बोलीभाषा यांवरून माणूस जोखू नका. हालचाल बघा: मुठी वळतात-सुटतात, एक पाय मागं सरकतो, हात पुन्हापुन्हा कंबरेकडं जातो, किंवा आरडाओरडा करणारा एकाएकी गप्प होतो. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त भीतीचं वाटतं. पण एकच खूण म्हणजे पुरावा नव्हे. जानेवारीच्या पहाटे पाळीवरून सुटलेला कामगारही खिशात हात घालूनच चालतो. त्याच्यावर आरोप करायचा नाही, फक्त अंतर ठेवायचं.

ऐन वेळी काहीच सुचत नसेल तर आधी श्वास जोरात सोडा आणि ओरडा: "तिथंच थांब!" थांबला तर तुम्हाला वेळ मिळाला. नाही थांबला तर शंका फिटली. उघडं मेडिकल, पानटपरी, दिव्याखालचा रिक्षा थांबा कुठं आहे हे मात्र आधीच बघून ठेवलेलं हवं. त्या क्षणी शोधत बसलात तर सापडत नाही. हात बघायच्या सरावाला पैसे लागत नाहीत. सात रस्त्याला रिक्षाची वाट बघताना येणाऱ्या प्रत्येकाचे हात मोकळे आहेत की नाहीत, एवढंच मनात म्हणत राहा.

आणि तो पळाला की मागं धावून मारू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. ११२ लावा, आधी ठिकाण सांगा, मग बाकीचं.