कुणाबद्दल मत बनवायच्या आधी एवढं करा

"न्याय करू नका" हे बायबलमधलं वचन, मत्तय 7:1, आपल्या चर्चच्या मंडळीत कुणाची चूक निघाली की लगेच पुढं केलं जातं आणि विषय तिथंच बंद पडतो, पण जरा पाचव्या वचनापर्यंत वाचा की, येशू म्हणतोय आधी तुझ्या डोळ्यातलं मुसळ काढ म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. रानातनं चालून आलं की सॉक्समध्ये कुसळं घुसतात बघा, एकेक चिमटीत धरून काढावं लागतं, ओढलं की मोडून आत राहतं. मग डोळ्यातलं काढायला हात किती हलका पाहिजे.

तर पहिलं काम, स्वतःला विचारा, हे खरं निघावं असं मला आतनं वाटतंय का? वाटत असेल तर थांबा, प्रार्थना करा, त्या दिवशी कुणाशी बोलू नका.

मग त्या माणसाकडं जा. एकटे जा, मत्तय 18:15 तेच सांगतं. नीतिसूत्रे 18:17 पण वाचा, आधी बोलणारा खराच वाटतो, दुसरा येऊन विचारपूस करेपर्यंत. मी हे उलटं केलं होतं. नाताळच्या गाण्यांच्या, म्हणजे कॅरलच्या, पैशात चार हजार कमी आहेत असं कळलं आणि मी हिशोब बघणाऱ्या काकांबद्दल ग्रुपवर लिहून मोकळा झालो, शिवाय तिघांना तोंडी सांगितलं. आठवड्यानं घरी गेलो. काकूंनी चहा ठेवला, काकांनी वही काढली, जनरेटरवाल्याची पावती शर्टाबरोबर धुतली गेलेली, ती वाळवून भाताच्या शितानं वहीत चिकटवलेली, आकडा अजून वाचता येत होता. चार हजार. "अरे, आधी विचारायचं नाहीस का," एवढंच म्हणाले.

साक्षीदारांचं पण बघा. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात, 19:15 मध्ये, दोन किंवा तीन साक्षीदार लागतात, आणि एकच मेसेज पाच जणांनी फॉरवर्ड केला म्हणजे पाच साक्षीदार होत नाहीत, तुम्ही स्वतः काय बघितलं ते सांगा. मात्र लेकराबाळांवर किंवा बाईवर अत्याचाराची गोष्ट असेल तर एकट्यात समजावत बसायचं नाही, सरळ पोलिसात जायचं, लहान मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे.

आणि चुकलात तर जिथं बोललात तिथंच मागं घ्या. मी त्याच ग्रुपवर लिहिलं. पण तोंडी सांगितलेले तिघं राहिलेच होते, एक शाहूपुरीत, एक कसबा बावड्यात, त्या दोघांकडं संध्याकाळी जाऊन आलो, तिसरा कागलला, रविवारी चर्चमधली भक्ती सुटल्यावर एसटीनं गेलो आणि त्याच्या दारात उभं राहून सांगितलं, काकांबद्दल मी बोललो ते खोटं होतं.