वाइन बिघडलीय की कपाट? छोट्या वायनरीची नवी व्हाइट आणि रेड कोकणात चाखताना

नाशिककडची वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात. लाकडी पिंपात न मुरवलेली व्हाइट त्याच वर्षी पावसाळ्याच्या आसपास बाजारात येऊ शकते, रेडला बहुधा जास्त वेळ लागतो. दिंडोरीहून निघालेली बाटली घाट उतरून रत्नागिरी-मालवणला पोचेपर्यंत बरंच सोसते, आणि पोचते ती दमट घरात. त्यामुळे नावं ठेवण्याआधी दोष वाइनचा, प्रवासाचा की आपल्या कपाटाचा, हे वेगळं काढावं लागतं.

आल्या आल्या बाटली उघडू नका. हादऱ्यांनी ताजी वाइन काही दिवस मुकी होते, वासच देत नाही, असं चाखणारे सांगतात. आठवडाभर, जमल्यास दोन आठवडे, घरातल्या सर्वांत गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. बूच असेल तर आडवी, फिरकीचं झाकण असेल तर कशीही. ठेवताना बूच काठाच्या वर आलंय का, फॉइलखाली चिकट ओघळ आहे का, तेवढं बघून घ्या. असेल तर बाटली बहुधा वाटेत तापलेली आहे. अशा वाइनला ताज्या फळाऐवजी मुरांब्याचा वास येतो आणि त्यात वायनरीचा काही दोष नसतो.

रेड ‘रूम टेम्परेचरला’ प्यावी हे गार देशांतल्या घरांपुरतं ठीक. आपल्या खोलीत 30 अंश असतात आणि तेवढ्या तापमानाला आधी अल्कोहोलच नाकात चढतं. रेड 16 ते 18 अंशांवर हवी, म्हणजे फ्रिजमध्ये सव्वा ते दीड तास. व्हाइट 8 ते 10 अंशांवर, साडेतीन-चार तास. पावसात वीज गेली तर बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी मीठ घाला, वीस-पंचवीस मिनिटांत व्हाइट गार होते. नुसत्या बर्फात होत नाही, खड्यांमध्ये हवा राहते. रेड मात्र फार गार करू नका, तुरटपणा बोचायला लागतो.

सर्वांत जास्त फसगत ग्लासात होते. पावसाळ्यात कपाटात पालथा ठेवलेला ग्लास आतल्या आत कुबट होतो, आणि बूच बिघडलेल्या वाइनचा वासही जवळपास तसाच असतो: भिजलेला पुठ्ठा, ओलं गोणपाट. म्हणून ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. साबण न लावता गरम पाण्याने विसळा, मलमलच्या फडक्याने पुसा, चमचाभर वाइन आत फिरवून ती टाकून द्या. तरीही कुबट लागलं तर थोडी वाइन दुसऱ्या ग्लासात ओतून दहा मिनिटं थांबा. तिथे वास नसेल तर दोष पहिल्या ग्लासाचा. बुचाचा वास वाइनबरोबर दुसऱ्या ग्लासातही येतो आणि हवा लागली की सहसा वाढतो.

सकाळी अकराच्या सुमारास, मासे तळायला पडायच्या आत बसा. उदबत्ती, डासांची कॉइल, मोगऱ्याचा गजरा, सगळं लांब. माणशी 50 मिली ओता, 750 मिलीच्या बाटलीत 15 जणांचं होतं. मध्ये तोंड साफ करायला बिनमिठाची तांदळाची भाकरी आणि साधं पाणी. किनाऱ्यावरच्या मचूळ विहिरीचं नको. थुंकायला एक तांब्या ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आधी व्हाइट. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टरिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी. छोट्या वायनरीत ते थंडीत आधीच बसवून काढलेले नसले की आपल्या फ्रिजमध्ये बसतात. नव्या व्हाइटमध्ये बारीक बुडबुडेही चालतात. पण रेड गढूळ असून चुरचुरत असेल तर ती बाटलीतच पुन्हा आंबतेय. काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास ग्लास फिरवून दहा मिनिटांत उतरतो; नेलपॉलिशचा उतरत नाही. मग द्राक्षाच्या जातीचा वास: शेनिन ब्लां या व्हाइटमध्ये पेरू-पपईकडे झुकणारा वास शोधा, सोव्हिन्यों ब्लां या व्हाइटमध्ये चिरलेल्या हिरव्या मिरचीचा. शिराझ या रेडला मिरी आणि जांभूळ.

घोट छोटा घ्या, पाच-सहा सेकंद तोंडात फिरवा, ओठांतून थोडी हवा आत ओढा. आंबटपणाने गालांच्या कडेला पाणी सुटतं. रेडचा तुरटपणा हिरड्यांवर कळतो, काजूच्या बोंडासारखा. नव्या रेडमध्ये तो असणारच. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मागे फळाची चव उरते का ते बघा. उरली तर बाटली सहा महिने ठेवण्याजोगी, पण आपल्या माळ्यावर नव्हे. नुसती कोरड उरली तर थांबूनही फारसं हाती लागत नाही.

जेवण नंतर. तिरफळ घातलेला बांगडा आधी खाल्लात तर जीभ बधिर होते, मग सगळ्याच वाइन सारख्या. रेडबरोबर तर बांगडा नकोच: वाइनमधलं लोह माशाच्या तेलाला भिडलं की तोंडात गंजकी, उग्र चव येते. शिराझला कोंबडी-वडे द्या, तिखट बेताचं, कारण तिखटाने अल्कोहोल जास्त जाळतं. शेनिनला ओलं खोबरं घातलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) छान जातात. सोलकढी शेवटी, आमसुलाच्या आंबटानंतर कुठलीही वाइन मिळमिळीत लागते.

अर्धी बाटली राखून, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा चाखा. रेड बरेचदा आदल्या दिवसापेक्षा मोकळी होते. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास यायला लागला तर वाइनने हवा खाल्ली. एका रात्रीत इतकं झालं, तर ती मुळातच नाजूक होती.

दोष खरा वाटला तर वायनरीला कळवा. छोट्या ठिकाणी असा निरोप बहुतेक वेळा थेट वाइन करणाऱ्यापर्यंत जातो. मागच्या लेबलवरचा बॅच क्रमांक, बाटली कधी आली, कुठे ठेवली होती, हे लिहा. आणि बुचाचा फोटो पाठवाल तर ओली बाजू वर ठेवून काढा.